गॅस संपत नाही, गळतो!

"एसी थंड करत नाही? गॅस संपला असेल, भरून टाका." रामवाडीच्या एका गॅरेजात आमच्या गाडीला सलग दोन उन्हाळे हेच औषध मिळालं. अहो, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे जळून जायला? तो बंद नळ्यांतच फिरतो. वर्षभरात कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी कॉम्प्रेसरचा क्लच लागतो का, पंखा फिरतो का पाहा, गेज लावा, साबणाच्या पाण्याने गळती शोधा. कधी कधी काही रुपयांची ओ-रिंगच निघते! आणि हवेत गेलेला १ किलो आर-१३४ए शंभर वर्षांत सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. मित्रांनो, रेफ्रिजरेशन सायकल काढून आपण मार्क्स मिळवतो. मग "गळती कुठे आहे?" एवढं विचारायला काय हरकत आहे?