वखारीच्या काट्यावर सायकल

“इतने में तो आठ आदमी जल जाएँगे, भइया.”

मणिकर्णिका घाटावरच्या लाकूडवाल्यानं माझ्या सायकलचा भाव असा फिरवून सांगितला. आधी त्यानं तो प्रश्न केला होता, जो नागपूरपासून काशीपर्यंत एकाही चहाच्या टपरीवर चुकला नाही: “कितने की है?” मी खरं ते सांगितलं. बेचाळीस हजारांची सायकल, आणि तिच्यावरचं-अंगावरचं सामान तेवीस हजारांचं. समोर चिता जळत असताना आकडा कमी करून सांगायची हिंमत होईना. त्यानं दांडीखाली हात घालून सायकल वीतभर उचलली, खाली ठेवली आणि म्हणाला, “साढ़े बारह.” घरच्या काट्यावर ती बारा किलो सहाशे भरली होती. मणामणानं लाकूड तोलण्यात ज्याचा दिवस जातो, त्याचा हात शंभर ग्रॅमनी चुकला.

आठ माणसांचा हिशेब ऐकून दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, भलताच खूश झाला. काकांच्या अस्थी घेऊन तो, वहिनी, काकू आणि माझी आई गाडीनं आले होते. मी सहा दिवस आधी निघून सायकलनं. “अबे, मी चार वर्षं सांगून राहिलो ते या माणसाला दोन मिनिटांत समजलं,” दादा म्हणाला. विधी व्हायला अजून तासभर होता, गुरुजी यायचे होते. काशीत बसून वाद घालायचा तर रीतीनं घालावा. आधी समोरच्याचा पूर्वपक्ष त्याच्यापेक्षा नीट मांडावा, मग तोंड उघडावं.

तर दादाचा पूर्वपक्ष असा. तुम्ही सायकलवाले पेट्रोल वाचवत नाही, पेट्रोलचे पैसे दुसऱ्या दुकानात नेऊन देता. हेल्मेट, पॅडवाली चड्डी, पॅनियर नावाच्या पिशव्या, घाम उडवणारी जर्सी, मोबाइलपेक्षा महाग दिवे. आमचे वडील धोतराचा सोगा खोचून काळ्या सायकलवर बावीस वर्षं कचेरीत गेले, त्यांना कुठं लागलं हे सोंग? आणि खर्चाचंच म्हणशील तर नागपूर ते काशी साडेसातशे किलोमीटर. गाडी लिटरला पंधरा देते. पन्नास लिटर, बावनशे रुपये, त्यात चार माणसं. माणशी तेराशे. तुझं काय?

माझं काय, ते सांगतो. पाच रात्रींच्या लॉजचे पैसे, सहा दिवसांचं दोन माणसांइतकं जेवण, जबलपूरच्या पुढे फाटलेला एक टायर. बावनशेच्या बरंच वर. म्हणजे या प्रवासात पैशाच्या हिशेबानं मी साफ हरलो. तसे तर आम्ही दोघंही रेल्वेच्या शयनयानापुढे हरलो, पण तो मुद्दा दोघांनाही गैरसोयीचा असल्यामुळे कुणी काढला नाही.

पण धोतराच्या सोग्याचं मला सोसत नाही. काकांची सायकल मी पुसलेली आहे. तिला चाकावर दाबून बसवायचा डायनॅमो होता आणि पुढं वाटीएवढा दिवा. घंटी होती, दोन्ही चाकांना मडगार्ड, साखळीला पुरी पेटी, मागं कॅरिअर, उभी करायला घोडी, सीटखाली पान्यांची चामडी पिशवी. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला दांडीला अडकवलेला असे. रात्री दिव्याशिवाय निघालं की पोलीस हवा सोडत. काका धोतर फार थोडी वर्षं नेसले, पुढं पँट आली तेव्हा घोट्याशी अडकवायच्या स्टीलच्या क्लिपा आल्या. या सगळ्याला त्या काळी कुणी सोंग म्हणत नसे, कारण ते सायकलबरोबरच घरी येई. आज गिअरची सायकल विकत घ्या: दिवा नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, कित्येकदा स्टँडसुद्धा नाही. पूर्वी जे सायकलच्या किमतीत होतं ते दुकानदारानं काढून घेतलं आणि वेगळ्या पाकिटात घालून परत विकलं. कपडे सोडले तर माझ्या तेवीस हजारांतला बराच भाग हा काकांच्या सायकलचा उरलेला अर्धा भाग आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, पण दिवा आणि मडगार्ड काही सायकलला पुन्हा चिकटून येईनात.

काशीचंच बोलायचं तर दादाची सोडमुंज आठवावी. बटू काशीला निघतो तेव्हा त्याच्या हाती दंड देतात, डोक्यावर छत्री, पायांत जोडे. मामा मुलगी देतो म्हणून त्याला दारातच अडवतो तो भाग निराळा. पण सरंजामाशिवाय कुणी काशीला निघावं ही कल्पना आमच्या शास्त्रालाही सुचलेली नाही.

आता माझ्याच पक्षाचं खंडन. सायकलवाल्यांचा एक लाडका सिद्धांत आहे: “पेट्रोलमध्येच सगळं वसूल होतं.” मी हा सिद्धांत लग्नाकार्यांत अनेकदा मांडला आहे आणि तो खोटा आहे. माझं ऑफिस जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. गावात गाडी लिटरला बारा देते, म्हणजे दिवसाचं दीड लिटर, साधारण एकशे छप्पन रुपये. महिन्यात मी वीस दिवस सायकलनं जातो असं सांगतो. डायरीत बारा भरतात. नागपूरचा एप्रिल-मे आणि भर पावसाचे दोन महिने सोडून द्या. आठ महिने, बारा दिवस, एकशे छप्पन: वर्षाला पंधरा हजार. पासष्ट हजार फिटायला चार वर्षांहून जास्त, आणि तोवर चेन, टायर, ब्रेक पॅड बदलावे लागतात ते वेगळंच. शिवाय माझी गाडी विकलेली नाही. ती खाली उभी आहे, तिचा विमा मी भरतो, तिची किंमत न चालवताही उतरते. ज्यानं गाडी घेतलीच नाही त्यानं वसुलीची भाषा करावी, मी नाही.

आणि सामानाचा मोह खराच आहे हेही कबूल. दोनशे ग्रॅम हलकी सीटची दांडी चार हजारांना मिळते, आणि ती घेणाऱ्याच्या कमरेवर आठ किलो जास्तीचे असतात. मणिकर्णिकेला लागूनच शिंदे घाट आहे. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधला, आणि दगडाचं काम एवढं जड झालं की स्वतःच्याच भारानं तो खचला. पुढं पुन्हा बांधावा लागला. त्या पायऱ्यांवर उभं राहून मी माझ्या पॅनियरमधल्या तीन जर्सींचा विचार केला. दोन पुरल्या असत्या.

मग उरलं काय? उरलं वजन. वखारीतच उभे होतो म्हणून सुचलं असेल. दादाच्या गाडीत पन्नास लिटर पेट्रोल जळलं. त्याचं वजन भरतं सदतीस किलोच्या आसपास. जळल्यावर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो तो मात्र सुमारे एकशे पंधरा किलो, कारण जळताना हवेतला प्राणवायू त्याला येऊन मिळतो. जळलं की वजन तिपटीनं वाढतं, आणि ते दिसत नाही म्हणून आपण ते संपलं समजतो. लाकडाचंही तेच आहे, चितेवर मणांनी चढतं आणि खाली ओंजळभर राख दिसते. बाकीचं वर गेलेलं असतं. पण चितेचं लाकूड निदान समोर तोलून मिळतं, भाव करता येतो, माणूस आयुष्यात एकदाच घेतो. पेट्रोल आपण दर आठवड्याला नळीतून ओततो आणि फक्त रुपयांचा काटा बघतो.

उष्णतेचा हिशेब त्याहून बोलका आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये साडेसात हजार किलोकॅलरीच्या वर ऊर्जा असते. सपाटीवर आरामात सायकल चालवणाऱ्याला किलोमीटरला पंचवीस-सत्तावीस लागतात. पूर्ण प्रवासाला मला वीस हजार लागल्या. दादाच्या गाडीला पावणेचार लाख. चौघांत वाटा, तरी माणशी माझ्या साडेचारपटीच्या वर. (माझा वरणभातही कुठल्यातरी गॅसवर शिजला, हे दादा लगेच म्हणाला. बरोबर आहे. त्याच्या चौघांनीही वाटेत तीनदा जेवण केलं.) त्या पावणेचार लाखांतला मोठा भाग इंजिन नुसतं तापून घालवतं, आणि उरलेला मुख्यतः टनभर पत्रा ओढण्यात जातो. माझ्या सायकलचं वजन बारा किलो आणि तिच्यावरच्या माणसाचं ब्याऐंशी. तिथं ओझं माणसाचं आहे. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून विकत घेतो. माझे तेवीस हजार निदान गावातल्या दुकानात आणि चौकातल्या मिस्त्रीकडे गेले.

पण म्हणून वाटेल ते घ्यावं का? माझं मंडन इथं आहे, आणि ते कंजुषीचं आहे. सामानाला वसुलीचा प्रश्न विचारूच नये. विचारावं की या वस्तूमुळे वर्षात किती फेऱ्या वाढल्या. मागच्या दिव्याला अठराशे गेले. त्याआधी दिवाळीनंतर मी सायकल बंद करायचो, सहाला अंधार पडतो म्हणून. दिव्यानं मला तीन महिने दिले. मडगार्डांनी भुरभुर पावसाचे दिवस दिले. पॅडची चड्डी, जिच्यावर वहिनी अजून हसते, तिच्याविना दुसऱ्या दिवशी सिवनीच्या पुढं गेलोच नसतो. महागडी जर्सी? एकही फेरी नाही. हलकी दांडी? शून्य. आणि दुसरा नियम असा की पैसे न भरलेल्या पेट्रोलमधूनच यावेत. ऑफिसला सायकलनं गेलो त्या संध्याकाळी दीडशे रुपये डब्यात. पुढचं काहीही घ्यायचं ते त्या डब्यातून. आधी खरेदी आणि मग सायकल चालवू म्हणणाऱ्यांचं काशीस जावे नित्य वदावे होतं. त्यांच्या बाल्कनीत तीस-तीस हजारांच्या सायकलींवर लुगडी वाळतात.

अठराशेच्या दिव्याबद्दल आणखी एक. पाचव्या दिवशी हनुमनाच्या पुढं मध्य प्रदेश संपतो आणि ड्रमंडगंजचा घाट उतरून रस्ता मिर्झापूरच्या सपाटीवर येतो. मला उशीर झाला. उतारावर काळोख, मागून गिट्टीचे ट्रक, कडेला रस्ता तुटलेला. प्रत्येक ट्रक माझ्यापासून बऱ्याच लांबून बाजूला सरकत गेला. त्या चाळीस मिनिटांत मी कुठलाही हिशेब केला नाही.

दादाला यातलं किती पटलं ठाऊक नाही. त्याचा शेवटचा टोला असा होता की तुझी सायकल तरी या घाटापर्यंत कुठं चालत आली? खरंच. त्याची गाडी लांब राहिली आणि तो मैदागिनपासून पायी आला. मी सायकल ढकलत आलो. या गल्ल्यांत सांड, तिरडी आणि माणूस, एवढ्यांनाच वाट आहे. कँट स्टेशनपासून गोदौलियापर्यंत पावणेचार किलोमीटरचा रोपवे सरकारनं आखला तो शहरातल्या अशाच कोंडीपायी. येताना कचौडी गलीत मला चार वेळा भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. मागून ‘राम नाम सत्य है’ ऐकू आलं की सायकल आडवी धरून अंग चोरायचं. तिच्या हँडलची रुंदी त्या दिवशी मला पहिल्यांदा कळली.

गुरुजी आले. अस्थी गंगेत गेल्या. काकू रडल्या नाहीत, नुसत्या पाण्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “सायकल पुसली का रे? त्यांना घाण आवडायची नाही.” पुसली नव्हती. मिर्झापूरचा चिखल तसाच होता. दादानं न बोलता आपला पंचा काढला आणि दोघांनी मिळून ती पायरीवरच पुसली, साखळीसुद्धा.

परत चढताना पायऱ्या उंच होत्या आणि पॅनियर भरलेले. दादा म्हणाला, “धर तिकडून.” पुढचं चाक त्याच्या खांद्यावर, मागचं माझ्या, असे आम्ही वर निघालो. वळणावर एक तिरडी खाली येत होती. आम्ही भिंतीशी झालो, ते गेले. पुन्हा उचलली. चहाच्या दुकानासमोर ग्लास धुणारा पोरगा आमच्याकडे जरा वेळ बघत राहिला, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “भइया, थक गए हो तो कंधा बदल लो.”