वडखळ परिसरातील ग्रामस्थांस आवाहन : अखेरच्या उपचारांविषयी आपली इच्छा लिहून ठेवा

वडखळ, डोलवी, गडब आणि खाडीकाठच्या समस्त बंधुभगिनींनो,

जमिनीचा सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, बँकेचे पासबुक हे सारे आपण पिशवीत जपून ठेवतो. परंतु आपल्या देहावर अखेरच्या घटकेस कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, ही इच्छा बहुतेकांच्या मनातच राहते, आणि वाचा गेल्यावर ती सांगावयास कोणी उरत नाही. मग मध्यरात्री अलिबागेस किंवा पनवेलीस अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलास डॉक्टर विचारतात, "हृदय थांबलं तर छाती दाबायची का, नळी घालायची का?" धाकटा म्हणतो, "दादाला विचारतो", दादा मुंबईहून फोनवर म्हणतो, "जे करता येईल ते सगळं करा", कारण दुसरे काही बोलल्यास बापाला टाकल्याचा ठपका जन्मभर माथी बसेल, ही धास्ती दोघांच्याही मनात असते.

अकस्मात हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती तत्काळ दाबलीच पाहिजे; त्याने प्राण वाचतात, याविषयी कोणी किंतु बाळगू नये. परंतु असाध्य रोगाने जर्जर झालेल्या वृद्धाच्या फासळ्या त्याच दाबाखाली मोडतात आणि मूळ व्याधी जिथल्या तिथे राहते. अशा वेळी काय करावे हे ठरविण्याचा पहिला अधिकार त्या वृद्धाचाच आहे.

याच पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी अन्न व औषध नाकारून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे देह ठेवला. तो मार्ग सर्वांनी अनुसरावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण त्यांनी आपली इच्छा शुद्धीत असताना स्वमुखाने सांगितली होती. उलटपक्षी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ मधील अत्याचारानंतर मे २०१५ पर्यंत अंथरुणास खिळून राहिल्या. सहकारी परिचारिकांनी त्यांना जिवापाड जपले, परंतु त्यांची स्वतःची इच्छा काय, हे सर्वोच्च न्यायालयासही त्यांना विचारता आले नाही.

त्याच न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ केली. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीचा अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचा सहीशिक्का घेतला म्हणजे पुरते. आपण बोलू शकेनासे झाल्यास संमती कोणी द्यावी, त्या विश्वासू नातलगांची नावे त्यात घालावीत. एवढ्यावरून कोणी परस्पर उपचार थांबवील अशी भीती नको. आजार बरा होण्याजोगा नाही याची खातरजमा डॉक्टरांची दोन मंडळे करतात, आणि आपले मन पालटल्यास कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी मुलासुनांना एकत्र बसवून हा विषय स्वतःच काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे; अपशकुन म्हणून तो टाळू नये. इच्छापत्राची एक नक्कल नावे घातलेल्या नातलगांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे व एक ग्रामपंचायतीच्या दफ्तरी द्यावी, आणि दवाखान्यात भरती होतानाच ती केसपेपरला जोडण्यास सांगावे.