रक्कम अदा करण्यापूर्वी

हुंडीचा व्यवहार प्रत्यक्ष पाहिलेले वडीलधारे आता आपल्या पेठेत फारसे उरलेले नाहीत. शहाजोग हुंडीचा नियम त्यांच्या तोंडपाठ असे. ती हुंडी कोणीही घेऊन आला म्हणून तिचे पैसे मिळत नसत. ती केवळ शहास, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा व्यापाऱ्यास द्यावयाची असे. आणि समोरचा मनुष्य खरोखरच तसा आहे की नाही, याची चौकशी करण्याचा भार पैसे देणाऱ्या पेढीवर असे. या चौकशीत कोणी आपला अपमान मानीत नसे.

आज हुंडी गेली, परंतु देणाऱ्यावरील तो भार गेलेला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात आला. तेव्हापासून आपण माल घेताना विक्रेत्यास जो कर देतो, त्याची वजावट, ज्यास आपण बोलताना इनपुट क्रेडिट म्हणतो, ती केवळ बिल हाती असल्याने पक्की होत नाही. कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे तो कर सरकारात प्रत्यक्ष भरला गेला पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखविलेले असणेही आवश्यक झाले आहे. म्हणजे आपण कर दिला, आणि घेणाऱ्याने तो भरला नाही, तर तोच कर पुन्हा आपल्याकडे मागितला जाऊ शकतो.

याविषयी आमच्याच दुकानातील एक गोष्ट सांगतो. सांगताना संकोच वाटतो, कारण तिच्यात आमची चूक आहे. नळजोडणीच्या सामानाचे एक लाखाचे बिल होते. त्यावर शेकडा १८ प्रमाणे कर १८,००० रुपये. विक्रेत्याशी वीस वर्षांचा घरोबा. त्यांचे बिल येताच पैसे पाठवावयाचे, ही आमची रीत. त्यांचा धंदा मध्यंतरी अडचणीत आला होता, विवरणपत्रे भरणे थांबले होते, आणि आम्ही पैसे पाठविले त्या दिवशी त्यांची नोंदणी रद्द झालेली होती. सरकारी संकेतस्थळावर ते कोणासही दिसत होते. आम्ही पाहिले नाही. पुढे नोटीस आली. १८,००० परत भरावे लागले, वर व्याज. त्या मालावर आम्हांस शेकडा पाच सुटत होते, म्हणजे ५,००० रुपये. तशा साडेतीनांहून अधिक सौद्यांची कमाई एका न पाहिलेल्या नोंदणीपायी गेली. पैशाचे दुःख सरले. पण ते स्नेही आता आम्ही समोर दिसलो की वाट बदलतात, याचे दुःख सरत नाही. त्या दिवशी आम्ही एक शब्द विचारला असता, तर त्यांची अडचण कळली असती आणि कदाचित संबंधही टिकला असता.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, नोंदणी पाहणे हा अविश्वास नव्हे. जग विश्वासावर चालते हे खरे. परंतु पाहून ठेवलेला विश्वास आणि न पाहता ठेवलेला विश्वास यांत अंतर आहे.

पाहावयाचे तरी किती? नोंदणी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढील दहा म्हणजे त्या धन्याचा पॅन. आपल्या सीमाभागात बेळगाव, कोल्हापूर, पणजी असा रोजचा व्यवहार असतो. कोल्हापूरच्या दुकानाच्या बिलावर आरंभी २७ नसेल, तर प्रथम विचारावे. नंतर तो क्रमांक संकेतस्थळावर घालून नाव जुळते का, नोंदणी चालू आहे, स्थगित आहे की रद्द, हे पाहावे. विक्रेता कंपोझिशन योजनेत असेल, तर त्यास गिऱ्हाइकाकडून कर घेण्याचा अधिकारच नाही. त्याखाली विवरणपत्रे केव्हा भरली तेही दिसते. दरमहा १४ तारखेस तयार होणाऱ्या आपल्या जीएसटीआर-२बी पत्रकात बिल आले, म्हणजे विक्रेत्याने ते दाखविले एवढेच सिद्ध होते. कर भरला की नाही, याचा माग त्याच्या ३बी विवरणपत्रावरून घ्यावा लागतो. आमच्या घरी आता हे काम सूनबाई पाहतात. एका नावास दोन मिनिटे पुरतात.

जे पाहिले त्याची तारखेसह छापील प्रत बिलास जोडून ठेवावी. कर्नाटकातील कॉफीच्या खरेदीसंबंधी जुन्या मूल्यवर्धित कर कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की, बिल आणि धनादेश एवढ्याने खरेदी खरी ठरत नाही. गाडीचा क्रमांक, भाड्याची पावती, माल पोहोचल्याची पोच असा पुरावा खरेदीदारानेच द्यावयाचा आहे. उलट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तेथील जुन्या कायद्याखाली प्रामाणिक खरेदीदारास विक्रेत्याच्या कसुरीची शिक्षा होऊ नये, असा निर्णय दिला. परंतु आपण प्रामाणिक होतो हे दाखवावयाचे, तर कागदच हवा.

कोणी म्हणेल, कर बुडविला दुसऱ्याने, आणि पहारा आम्ही का करावा? तक्रार रास्त आहे. कर वसूल करण्याची साधने सरकारपाशी आहेत, लहान दुकानदारापाशी नाहीत. आपल्या संघांनी ही गोष्ट सरकारदरबारी मांडीत राहिले पाहिजे. परंतु कायदा बदलेपर्यंत नुकसान आपल्या वहीत पडते, तेव्हा वही आपणच सांभाळली पाहिजे.

मात्र एक सावधगिरी हवी. ‘तपासणी चालू आहे’ ही उधारी लांबविण्याची सबब होऊ नये. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत करासह रक्कम न दिल्यास आपलीच वजावट परत करावी लागते; आणि लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांपलीकडे अडविणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यास धरून नाही. पाहावयाचे ते त्वरेने पाहावे, आणि ठीक असेल तर त्याच दिवशी पैसे पाठवावेत.

शेवटी सभासद बंधुभगिनींस एक विनंती. दुसऱ्याची नोंदणी विचारण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या नोंदणीपत्राची प्रत आपण होऊन आपल्या गिऱ्हाइकांस पाठवावी आणि आपली विवरणपत्रे मुदतीत भरावीत. आपण विक्रेतेही आहोत. आपण चुकलो तर भुर्दंड दुसऱ्या कोणा दुकानदारास पडतो. ज्याने आपले पत्रक आधी पुढे केले, त्यास दुसऱ्याचे मागताना जड जात नाही. शहाजोग हुंडीच्या काळी पेढ्या एकमेकींस विचारीत, आणि तरीही पिढ्यान् पिढ्या संबंध टिकत. ते विचारण्याचा संकोच नव्हता म्हणूनच टिकत, असे मला आता वाटते.