नावातला आकडा काढू नका

डेबियनमध्ये ओपनएसएसएलची लायब्ररी २०२१ साली 'लिबएसएसएल१.१' होती, २०२३ साली 'लिबएसएसएल३' झाली आणि २०२५च्या 'ट्रिक्सी' आवृत्तीत 'लिबएसएसएल३टी६४'. या नावांवर अनेक प्रोग्रामर वैतागतात. आवृत्ती लिहायला वेगळा रकाना असताना आकडा नावात कशाला? पॅकेजला नुसतं 'लिबएसएसएल' म्हणा आणि गरजेप्रमाणे '१.१ किंवा पुढची' अशी अट घाला, असं त्यांचं म्हणणं.

घालून पाहू. १.१वर बांधलेल्या जुन्या प्रोग्रामची ही अट ३सुद्धा पुरी करते. पॅकेज मॅनेजर नवी लायब्ररी बिनतक्रार बसवतो आणि प्रोग्राम सुरूच होत नाही, कारण त्याला 'लिबएसएसएल.सो.१.१' हीच फाइल हवी असते. बरं, '३पेक्षा जुनी' अशी अट घातली तर? एका नावाच्या पॅकेजची एका वेळी एकच आवृत्ती बसते, म्हणजे जुना आणि नवा प्रोग्राम एका मशीनवर नांदणारच नाहीत. नावं वेगळी असली की दोन्ही लायब्ररी सुखानं शेजारी राहतात.

मुळात हा आकडा आवृत्तीचा नाहीच. लायब्ररीच्या फाइलवर 'रीडएल्फ -डी' चालवा, सोनेमच्या, म्हणजे लायब्ररीनं स्वतःत कोरलेल्या नावाच्या, ओळीत 'लिबएसएसएल.सो.३' दिसेल. आवृत्ती ३.० असो की ३.५, ओळ तीच. १.१.१मध्ये टीएलएस १.३ आलं, केवढी मोठी भर! तरी 'लिबएसएसएल.सो.१.१' हललं नाही, कारण १.१.०वर बांधलेले प्रोग्राम चालत राहिले. बायनरी इंटरफेस मोडला तरच हा आकडा बदलायचा.

दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक प्रोग्रामनं आपली प्रत सोबतच बाळगावी. पण एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधलं 'हार्टब्लीड' हे भोक उघड झालं तेव्हा डेबियननं एक पॅकेज दुरुस्त केलं. ते बसवून सेवा पुन्हा सुरू केल्या की वेब, मेल सगळीकडचं भोक एकदम बुजलं. ज्या प्रोग्रामांच्या पोटात स्वतंत्र प्रती होत्या, ते एकेक शोधावे लागले. २०२१च्या डिसेंबरात लॉग४जे या जावा लायब्ररीतल्या भोकानं हाच छळ पुन्हा केला, जारच्या आत दडलेल्या जारमधून.

राहिलं 'टी६४'. दिसायला कुरूप आहे, मान्य. पण ३२ बिटांचा वेळ जानेवारी २०३८मध्ये संपतो, म्हणून बहुतेक ३२ बिटी आर्किटेक्चरवर तो ६४ बिटांचा केला आणि इंटरफेस मोडला. सोनेम मूळ लेखकांच्या हातात, ते बदललं नाही. मग डेबियननं पॅकेजचं नाव बदललं. ते बदललं नसतं तर जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीशी जोडला जाऊन, एकही इशारा न देता, चुकीची मेमरी वाचत बसला असता.

राग काढायचाच असेल तर फंक्शन काढून टाकूनही सोनेम तसंच ठेवणाऱ्या लायब्ररी-लेखकांवर काढा.