जगभराची वीज एकदम जाईल का? आणि गेली तर परत कशी येईल?

सूर्यावर मोठं वादळ आलंय, तीन दिवस जगभर वीज आणि इंटरनेट बंद राहणार, पाणी-धान्य भरून ठेवा. अशा अर्थाचा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधीतरी आलाच असेल. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हटल्यावर नातेवाईक तो मेसेज पुढे मलाच पाठवतात आणि विचारतात, "खरं आहे का रे हे?" एका शब्दात उत्तर देता येत नाही. मेसेज खोटा असतो, पण त्यामागची भीती पूर्ण खोटी नसते. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. जगाचं असं एक ग्रिड नाही. आपल्या भारताचं एक ग्रिड आहे, आणि तेसुद्धा फार जुनं नाही. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाशी एका तालात जोडला गेला. युरोपातल्या बहुतेक देशांचं मिळून एक ग्रिड आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तीन आहेत, त्यातलं एक टेक्सासचं. जपानमध्ये तर अर्धा देश 50 हर्ट्झवर आणि अर्धा 60 वर चालतो. त्यामुळे स्पेनमधला बिघाड तारेवरून चालत सोलापूरपर्यंत येऊ शकत नाही. सगळीकडची वीज एकाच वेळी घालवायची तर सगळ्यांना एकाच वेळी बाहेरून धक्का द्यावा लागेल, आणि असा धक्का देऊ शकणारा उमेदवार खरोखर एकच आहे, तो म्हणजे सूर्य.

तसं एकदा झालंयही, पण एका प्रांतापुरतं. 13 मार्च 1989 ला सौर वादळामुळे कॅनडातल्या क्विबेकचं ग्रिड सुमारे दीड मिनिटात कोसळलं आणि 60 लाख लोक साधारण नऊ तास अंधारात राहिले. सौर वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं, त्यामुळे लांबलचक तारांमध्ये नको असलेला प्रवाह तयार होतो आणि तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. धोका ध्रुवांकडच्या देशांना जास्त, विषुववृत्ताजवळ कमी. मे 2024 मध्ये अत्यंत तीव्र वर्गातलं वादळ आलं, लडाखच्या हानलेमध्ये आकाश लाल झालं, अमेरिकेत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, पण मोठं ग्रिड कुठे पडलं नाही. 1859 सारखं वादळ पुन्हा आलं तर मात्र चित्र वेगळं असेल. कारण मोठा ट्रान्सफॉर्मर जळला तर तो दुकानात तयार मिळत नाही, ऑर्डर देऊन बनवून घ्यावा लागतो आणि त्याला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं.

इथे एक फरक नीट समजून घेऊ, कारण बातम्यांमध्ये तो कायम हरवतो. वीज जाण्याचे दोन प्रकार आहेत. एकात सामान मोडतं. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत खांबच्या खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावांना वीज परत यायला आठवडे लागले. दुसऱ्या प्रकारात सामान शाबूत असतं, फक्त सगळं एकदम थांबतं. ऐकायला दुसरा प्रकार किरकोळ वाटतो. थांबलंय तर पुन्हा बटण दाबा! पण ते बटणच नसतं.

पाच सेकंद

28 एप्रिल 2025, सोमवार. स्पेनमध्ये दुपारचे साडेबारा वाजून गेले होते, स्वच्छ ऊन होतं. निम्म्याहून जास्त वीज सोलरमधून येत होती. त्याआधी अर्ध्या तासात ग्रिडमध्ये दोन वेळा हेलकावे आले होते. ते शांत करण्यासाठी जे उपाय केले, त्यांनी व्होल्टेज वर सरकत गेलं. मग ग्रॅनाडा, बदाखोस, सेव्हिया या भागांतले वीजप्रकल्प काही सेकंदांच्या अंतराने ट्रिप झाले.

एरवी प्रकल्प बंद पडला की वीज कमी पडते, एवढंच आपल्याला माहीत असतं. इथे उलटा खेळ झाला. जे प्रकल्प गेले ते वीज तर देतच होते, शिवाय व्होल्टेज खाली धरून ठेवायचं कामही करत होते. ते गेल्यावर व्होल्टेज अजून वाढलं. वाढलेलं व्होल्टेज बघून आणखी प्रकल्पांच्या संरक्षक यंत्रणांनी स्वतःला बंद करून घेतलं. त्यामुळे व्होल्टेज अजून वर. साधारण पाच सेकंदांत 15 गिगावॅट वीज गेली, म्हणजे त्या क्षणीच्या मागणीच्या जवळपास 60 टक्के. 12:33 ला स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही बंद.

यातल्या प्रत्येक यंत्राने स्वतःला वाचवलं, आणि सगळ्यांनी स्वतःला वाचवल्यामुळे ग्रिड मेलं. आमच्या क्षेत्रात याला कॅस्केडिंग फेल्युअर म्हणतात. एक सर्व्हर बंद पडतो, त्याचा भार शेजाऱ्यावर जातो, तोही बंद पडतो.

सोलरमुळेच झालं, असा गलका तेव्हा लगेच सुरू झाला. मला ते उत्तर आळशी वाटतं. स्पेन सरकारच्या जून 2025 च्या अहवालाचा रोख व्होल्टेज सांभाळण्याच्या अपुऱ्या क्षमतेवर होता. त्या दिवशी हे काम करणारे मोठे फिरते जनरेटर कमी संख्येने लावलेले होते, आणि सोलर प्रकल्पांवर व्होल्टेज सांभाळायची जबाबदारी टाकणारे नियमच तिथे नव्हते. आधुनिक इन्व्हर्टर हे काम करू शकतो. त्याला सांगितलं नव्हतं. आपण राजस्थान-गुजरातमध्ये प्रचंड सोलर उभारतोय, तेव्हा हा धडा आपल्याही अभ्यासक्रमात आहे.

वीज आणायला वीज लागते

आता मुख्य प्रश्न. कोळशाचा औष्णिक प्रकल्प चालू करायला कोळसा दळणाऱ्या गिरण्या, हवेचे मोठे पंखे, बॉयलरला पाणी देणारे पंप लागतात, आणि ते सगळे विजेवर चालतात. चालू प्रकल्प स्वतःच्या विजेतला साधारण 6 ते 9 टक्के भाग यातच खर्च करतो. बंद प्रकल्पाला ही वीज कोण देणार? ग्रिड. आणि ग्रिडला वीज कोण देणार? प्रकल्प. झालं, सर्क्युलर डिपेंडन्सी! अणुप्रकल्पाचं तर आणखी वेगळं. तो बंद झाल्यावरही थंड ठेवावा लागतो. फुकुशिमात 2011 साली नेमकं हेच जमलं नाही, कारण डिझेल जनरेटर त्सुनामीच्या पाण्यात बुडाले. स्पेनमध्ये चालू अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि डिझेल जनरेटरने आपलं काम चोख केलं.

या चक्रातून बाहेर काढतात ते जलविद्युत प्रकल्प. धरणात पाणी वर साठलेलं आहे, दरवाजा उघडायला छोटा डिझेल जनरेटर किंवा बॅटरी पुरते. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. पोर्तुगालमध्ये हे काम कास्तेलो दो बोदे हे धरण आणि तापादा दो ओतेइरो हा गॅस प्रकल्प यांनी केलं. एक छोटं बेट उजळायचं, त्याला थोडा लोड जोडायचा, फ्रिक्वेन्सी 50 च्या आसपास धरायची, मग दुसरं बेट उजळायचं, आणि दोघांचा ताल जुळला की मगच त्यांना एकमेकांना जोडायचं. घाई केली की पुन्हा सगळं बंद. पोर्तुगालचं पारेषण जाळं मध्यरात्रीनंतर आणि स्पेनचं पहाटे चारच्या सुमारास पूर्ववत झालं. सोळा तासांच्या आत. हे कौतुकास्पदच आहे.

पण स्पेनला शेजारी होते. फ्रान्स आणि मोरोक्कोने तारेवरून वीज दिली, तिच्या आधाराने सीमेकडून आत काम सुरू झालं. आपल्याकडे 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तरेचं ग्रिड पडलं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही पडले, 60 कोटींहून जास्त लोकांच्या भागातली वीज गेली. तेव्हा पश्चिम विभाग तगला होता, त्यामुळे आधार द्यायला कोणीतरी उभं होतं. जगभराची वीज एकदम जाण्याची कल्पना भयानक आहे ती नेमकी यासाठी. तुमच्या घरातला अंधार दोन्ही वेळी सारखाच असेल, पण तेव्हा हात देणारा शेजारी नसेल. प्रत्येक देशाला आपापल्या धरणापासून, शून्यातून सुरुवात करावी लागेल.

तोपर्यंत काय चालेल?

मी या सगळ्याकडे तासांच्या हिशोबात बघतो. प्रत्येक सोय वीज गेल्यावर किती तास तग धरते?

मोबाइल टॉवरला काही तासांची बॅटरी असते. स्पेनमध्ये दुपारी फोन लागत होते, संध्याकाळपर्यंत बऱ्याच भागांत नेटवर्क गेलं. गंमत म्हणजे डेटा सेंटर डिझेलवर व्यवस्थित चालू होती. म्हणजे तुमचे पैसे, तुमची कागदपत्रं, तुमचं ॲप सगळं तिकडे जिवंत, फक्त तिथपर्यंत जायचा रस्ता बंद. आम्ही इंजिनिअर सर्व्हर कायम चालू राहावा म्हणून रात्री जागतो, पण ॲप ऑफलाइन असताना किमान काय दाखवेल यावर मीटिंगमध्ये पाच मिनिटंही जात नाहीत. माद्रिदमध्ये कार्ड चालेना, तेव्हा खिशात नोटा असणाऱ्यांनी खरेदी केली. बातम्यांसाठी लोकांनी बॅटरीवरचे रेडिओ विकत घेतले आणि रस्त्यात घोळका करून ऐकले. रेल्वेने अडकलेल्या सुमारे 35 हजार प्रवाशांना बाहेर काढलं.

आपल्याकडचा हिशोब थोडा वेगळा. गॅस सिलिंडरला वीज लागत नाही, हा मोठा आधार, फक्त इंडक्शनवर गेलेल्यांनी विचार करावा. पाण्याचं मात्र अवघड आहे. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी असतं, पण ते गच्चीवर चढवायला पंप लागतो. वरची टाकी साधारण एक दिवस पुरते, आणि वीज गेली की सगळेजण बादल्या भरायला लागतात, मग तीही पुरत नाही. गावात आड किंवा हातपंप असेल तर तुम्ही बाराव्या मजल्यावरच्या माणसापेक्षा सुरक्षित आहात.

आता गच्चीवरचं सोलर. आमच्याकडे सोलर आहे, आम्हाला काय फरक पडतो, असं बरेच जण म्हणतात. अनुदानातून बसवलेली बहुतेक यंत्रणा ऑन-ग्रिड असते. ग्रिड गेलं की तिचा इन्व्हर्टर भर उन्हातही मुद्दाम बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. वीज गेल्यावरही सोलर चालायला हवं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तुमच्या विक्रेत्याला हा एक प्रश्न सरळ विचारा, आणि हो म्हणाला तर मेन स्विच बंद करून दाखवायला सांगा.

आणि जनरेटर. स्पेनमधल्या गॅलिसियात त्या रात्री एका घरात तिघांचा जीव गेला, कारण जनरेटरचा धूर घरात कोंडल्याचं समोर आलं. वीज नसल्यामुळे थेट मरणारे कमी असतात, वीज नसताना केलेल्या जुगाडाने मरणारे जास्त, असं मला वाटतं. जनरेटर बंद खोलीत, पार्किंगच्या तळघरात, खिडकीखाली चालवायचा नाही. ज्यांच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा श्वासाचं मशीन आहे, त्यांनी तर आजच दोन आकडे काढून ठेवावेत: मशीनची बॅटरी किती तास चालते, आणि जनरेटर असलेलं जवळचं हॉस्पिटल किती लांब आहे. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर विजेशिवाय चालतो.

आता मुंबईबद्दल, कारण तिथे या सगळ्यावर एक वेगळा उपाय कित्येक दशकं आहे. बाहेरचं ग्रिड डळमळलं की मुंबईने स्वतःला तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बेसारख्या शहरातल्याच प्रकल्पांवर बेटासारखं चालत राहायचं. याला आयलँडिंग म्हणतात. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या 400 केव्ही लाइन एकामागून एक गेल्या, आणि ज्या दिवसासाठी हे बेट होतं त्या दिवशी ते टिकलं नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. शेअर बाजार मात्र चालू राहिला, त्यांची बॅकअपची सोय पक्की होती. नंतर सायबर हल्ल्याची चर्चा खूप रंगली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचं सांगितलं. राज्य वीज नियामक आयोगाने चौकशी समिती नेमली. माझ्या मते हॅकरच्या गोष्टीपेक्षा बेट का टिकलं नाही हा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता, आणि त्यावर टीव्हीवर फार कमी बोललं गेलं. शहरातली वीजनिर्मिती पुरेशी नसेल, तर बेट बनतं आणि लगेच बुडतं.

ब्लॅक स्टार्टचा सराव वर्षातून किमान एकदा घ्यायचा, असं 2023 च्या ग्रिड कोडमध्ये लिहिलेलं आहे. तो कुठल्या धरणावर झाला, पहिल्या प्रयत्नात जमला का, किती मिनिटं लागली, हे आपल्या जिल्ह्यापुरतं तरी साध्या मराठीत वाचायला मिळायला हवं. पुढच्या वेळी सौर वादळाचा फॉरवर्ड आला की मी नातेवाईकांना एवढंच विचारणार आहे, सोसायटीच्या जनरेटरला शेवटचं डिझेल कधी भरलं होतं?