नाव विचारून आंबा घ्या

हापूस म्हणजेच आंबा, असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा उन्हाळ्यात लखनऊला जावं. जवळच्या मलिहाबादेत दशहरी, लंगडा, सफेदा, चौसा अशी नावं ऐकूनच डोकं गरगरतं. तिथल्या कलीमुल्ला खान यांनी तर एकाच झाडावर कलमं बांधून ३००हून अधिक जाती वाढवल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मग ओळखायचे कसे? एका वेळी दोनच जाती शेजारी ठेवून चाखाव्यात. काकोरीजवळच्या गावाचं नाव मिळालेला दशहरी लांबट आणि बिनरेषांचा. लंगडा पिकला तरी हिरवाच दिसतो, तेव्हा रंगाला न फसता वास घ्यावा. चौसा हंगामाच्या शेवटी, जुलैत येतो. तो मऊ करून चोखण्यातच मजा!

पण बाजारात सगळी मागणी दशहरीला. बाकीच्या जाती बागांमधून हळूहळू हटतात. आपल्याकडे रायवळचंही तेच झालं. ज्याचं नावच कुणी विचारत नाही, ते झाड कोण राखणार? म्हणून यंदा आंबेवाल्याला भावाआधी नाव विचारा. आणि ते मुलांनाही सांगा.