उत्तर बरोबर, रीत चूक

मुलाच्या वहींत उत्तर बरोबर आणि रीत मात्र चूक, हा प्रकार शिक्षकांस नवा नाहीं. अशा मुलास मीं कधीं पूर्ण गुण दिले नाहींत. परंतु घरच्या विजेच्या बाबतींत ते मीं स्वतःला एकदां दिले, आणि त्याचें प्रायश्चित्त माझ्या वहिनींस भोगावें लागलें. घरोघरीं माझ्यासारखे हौशी कारागीर असतातच. त्यांच्यासाठीं ती हकीकत सांगतों.

१९८३ सालीं आमच्या वाईच्या घरीं देवघरांत एक दिवा हवा होता. वायरमनला बोलवावें तर दोन दिवसांची खोटी आणि वर मजुरी. मीं बाजारांतून वायर, होल्डर आणि बटण आणून शेजारच्या खोलींतून जोडणी घेतली. दिवा लागला, आई प्रसन्न झाली, माझी छाती फुगली.

तीन वर्षांनीं, श्रावणांत, बल्ब गेला. वहिनी नुकत्याच स्नान करून ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. त्यांनीं बटण बंद केलें, जुना बल्ब काढला, आणि नवा बसवितांना बोट होल्डरच्या आंत लागलें. त्या किंचाळून मागें फेकल्या गेल्या. दैवयोगानें हात सुटला म्हणून प्राण वांचले. भाजलेलीं बोटें बरीं व्हायला महिना लागला. सावरल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, बटण तर मीं बंद केलें होतें हो!”

दुसऱ्या दिवशीं वायरमननें दोष दाखविला. घरांत येणाऱ्या दोन तारांपैकीं ‘फेज’ तारेंत जमिनीच्या मानानें २३० व्होल्टचा दाब असतो. ‘न्यूट्रल’वाटे वीज परत जाते. बटण फेजवरच हवें. मीं तें न्यूट्रलवर बसविलें होतें. दिवा दोन्ही रीतींनीं लागतो आणि विझतोहि. पण माझ्या रीतीनें तो विझल्यावरहि होल्डरांत वीज राहतेच. तीन वर्षें तो दिवा माझ्या चुकीस ‘बरोबर’ म्हणत होता.

‘फ्यूज आहे ना, मग भय कसलें?’ असें पुष्कळांस वाटतें. फ्यूज तारांचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे. ५ अँपिअरचा फ्यूज त्याहून अधिक वीज वाहूं लागली तरच वितळणार. आणि माणसाच्या छातींतून ३० मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि कमी वीज गेली, तरी जीव धोक्यांत येतो. फ्यूजच्या जागीं आलेल्या एमसीबीचीहि हीच मर्यादा आहे. माणसासाठीं असते ती आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा ती हिशेब ठेवते, व ३० मिलिअँपिअरची तूट दिसतांच क्षणांत प्रवाह तोडते. ती मुख्य फळीवर बसवून घ्यावी, आणि तिचें परीक्षेचें बटण अधूनमधून दाबून पाहावें. तरीहि दोन्ही तारांस एकदम हात लागला तर तीहि निरुपाय आहे.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तांब्याची तार गुंडाळणें, हा दुसरा घरगुती पराक्रम. मग फ्यूज वितळत नाहीं. भिंतींतली तार मात्र तापून पेट घेऊं शकते. तीन पिनांच्या प्लगाची मोठी पीन अडचण म्हणून काढून टाकणें, हा तिसरा. ती अर्थिंगची पीन. ती गेली कीं बिघडलेल्या इस्त्रीचा पत्राच माणसाला धक्का देतो.

मग घरीं करावें काय? मेन बंद करून, कोरड्या हातांनीं, लाकडी स्टुलावर उभें राहून बल्ब बदलावा. नवी जोडणी किंवा फेरफार सरकारी परवाना असलेल्या कंत्राटदाराकडूनच करवावा; कायदाहि तेंच सांगतो. कोणास धक्का बसलाच तर त्याला हात लावूं नये; आधीं मेन बंद करावें.

वहिनींनीं मला केव्हांच क्षमा केली. परंतु बल्ब बदलायचा झाला कीं त्या आजहि विचारतात, “भाऊजी, मेन बंद केलें का?” मीं होय म्हटलें तरी स्वतः जाऊन पाहतात. त्यांचें तें करणें मला योग्यच वाटतें.